शीर्षकगीत कापू नका, आणि करणाऱ्यांची नावं वाचता येतील अशी दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत राहते, घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म, लग्नसराईत तर रात्री बारा-बारापर्यंत मशीन चालू असते आणि मशीनशेजारी टीव्ही. पण मी टीव्ही बघते असं म्हणता यायचं नाही, मी टीव्ही ऐकते. नजर सुईखालून हलली की टीप वाकडी जाते आणि गिऱ्हाईकाच्या सिल्कवर उसवल्याची भोकं राहतात, त्यामुळं संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंतच्या सगळ्या मालिका माझ्या कानातूनच गेल्यात. कोण खोलीत आलं, कोण चिडलं, कोण खोटं बोलतंय हे मला आवाजावरून कळतं, आणि कुठली मालिका लागली हे कळायचं शीर्षकगीतावरून. आता ते कळत नाही, म्हणून हे पत्र.

दिवाळीत मुलगी पुण्याहून आली होती. चुकलेला भाग तिनं मोबाईलवर लावला, गाणं सुरू झालं आणि लगेच तिनं 'स्किप इन्ट्रो', म्हणजे गाणं गाळायचं बटण, दाबलं. मी म्हटलं अगं राहू दे की तेवढं, तर म्हणाली आई, टीव्हीवर तरी कुठं पूर्ण लावतात. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकायला लागले आणि पोरगी खरं बोलत होती. आधी कालचं थोडं, मग आजचा एक प्रसंग, कुणीतरी दार ढकलून आत येतं, ढॅण, मालिकेचं नाव, गाण्याची एखादी ओळ कशीबशी, की जाहिरात. काही दिवशी तेवढंही नाही. शेवटी नावं येतात ती मुंगीएवढ्या अक्षरात आणि पळत, तोवर निम्म्या पडद्यावर पुढच्या मालिकेची झलक सुरू झालेली असते. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, गायलं कुणी, हे चष्मा लावून टीव्हीपुढं उभं राहिलं तरी वाचता येत नाही, मी उभी राहून बघितलंय.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि माझा जन्मही त्याच सालचा, त्यामुळं मराठी टीव्ही आणि मी बरोबरीनंच मोठ्या झालो असं मला वाटतं. आमच्या गल्लीत तेव्हा एकाच घरात टीव्ही, दारात चपलांचा ढीग, आणि आम्ही पोरं फरशीवर. 'गोट्या' लागायची ती मला अजून जशीच्या तशी आठवते, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची, राजदत्त यांनी केलेली, जॉय घाणेकर त्यात गोट्या होता. पण मालिकेतले प्रसंग आज विचाराल तर मला दोन-तीनच सांगता येतील आणि 'बीज अंकुरे' मात्र अख्खं येतं. मधुकर आरकडेंचे शब्द, अशोक पत्कींची चाल, अरुण इंगळेंचा आवाज. हे गाणं पुढं शाळांच्या स्नेहसंमेलनात गेलं, बालवाडीत गेलं, माझ्या मुलीला मी ते म्हणूनच झोपवलं, आणि तिनं 'गोट्या' बघितलेली नाही. मालिका संपली तरी गाणं पुढं चालत राहतं, ते हे असं.

त्याच सुमारास दूरदर्शनवर 'महाश्वेता' होती. तिला ग्रेस यांची 'भय इथले संपत नाही' ही कविता घेतली होती, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा आवाज. आता विचार करा, ग्रेस यांची कविता म्हणजे शिकल्यासवरलेल्या माणसालाही अवघड जाते म्हणतात, आणि ती आमच्या गल्लीतल्या भाजी निवडत बसलेल्या बायकांच्या कानावर भाग लागला की पडायची. सगळा अर्थ कुणालाच कळत नव्हता पण भय आणि आठवण हे दोन शब्द कळत होते आणि तेवढ्यावर ती कविता आमची झाली. पुस्तकात ती आमच्यापर्यंत आली असती का? मला नाही वाटत.

मग 1999 साली अल्फा मराठी आलं आणि 'आभाळमाया'. मंगेश कुलकर्णींचे शब्द, अशोक पत्कींचं संगीत आणि देवकी पंडित. माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, सासरी नुकती मशीन घेतली होती, आणि ते गाणं लागलं की मी पायडल थांबवायची. खरंच थांबवायची, कारण मशीनच्या आवाजात देवकीताईंचा खालचा सूर बुडायचा. किशोरीताई आमोणकर आणि अभिषेकीबुवांकडं शिकलेली गायिका रोज रात्री एवढ्याशा वेळात गाऊन जायची, आणि त्यात जीव जडण्यापासून संग सुटण्यापर्यंत सगळा संसार येऊन जायचा. सुकन्या कुलकर्णींची सुधा काय सोसतेय, मनोज जोशींचा शरद काय करून बसलाय, हे भागात पुढं कळायचं पण ते गाण्यानं आधीच सांगून ठेवलेलं असायचं. आमच्या मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहून गेले, दर्ग्यात त्यांच्या आठवणीत दर वर्षी गाणं होतं, लोक रात्र-रात्र बसतात, पण घर सोडून रात्रभर बसायला सगळ्याच बायकांना कुठं जमतं? आमच्यासारख्यांना चांगलं गाणं रोज घरात मिळायचं ते या मालिकांमुळं.

अशोक पत्कींबद्दल मला फार आदर आहे, आणि तो नुसता मालिकांमुळं नाही. 1988 साली दूरदर्शनवर आलेलं 'मिले सुर मेरा तुम्हारा' सगळ्या देशाला पाठ आहे, त्याची चाल त्यांची. त्यांनी जाहिरातींच्या जिंगल्स ढिगानं केल्या आणि मला वाटतं शीर्षकगीताला तीच विद्या लागते. थोडक्या वेळात माणसाला धरून ठेवायचं, आणि वर्षभर रोज वाजलं तरी शिळं होऊ द्यायचं नाही. सिनेमातलं गाणं माणूस आवडलं तर लावतो, मालिकेचं गाणं त्याला रोज लावून दिलेलं असतं, तेव्हा ते किती मुरलेलं असायला हवं बघा. 'वादळवाट' पण याच जोडीची, मंगेश कुलकर्णी आणि पत्की, त्यातली ती सागरनिळाई कानावर आली की आमचे हे बाहेर कट्ट्यावर असले तरी उठून आत यायचे. अदिती सारंगधरची रमा चौधरी त्यांना फार आवडायची, पण हाक मारायचं काम गाणं करायचं. पूर्वी घड्याळाकडं कोण बघत होतं, गाणं लागलं की कुकर बंद करायचा, गाणं संपायच्या आत ताटं घ्यायची, शेजारच्या काकूंना भिंतीवर थाप मारून सांगायचं की सुरू झालं. आता थेट भांडणच सुरू होतं, तयारीला वेळच नाही.

नंतरच्या लोकांनीही चांगलं केलंय, मी जुनं तेवढंच चांगलं म्हणणारी नव्हे. 2008 ला स्टार प्रवाह सुरू झालं तेव्हा 'राजा शिवछत्रपती'ला अजय-अतुल यांनी कवी भूषणाचा छंद घेतला, ब्रज भाषेतला, अमोल कोल्हेंचा शिवाजी पडद्यावर यायच्या आधी अंगावर काटा यायचा, आणि गल्लीतली पोरं तो छंद अडखळत का होईना म्हणायला लागली. 2012 ला 'उंच माझा झोका' आली, रमाबाई रानड्यांवरची, तिचं गाणं अरुण म्हात्रेंचं, चाल निलेश मोहरीरांची आणि जान्हवी प्रभू-अरोरा गायल्या होत्या. तेजश्री वालावलकर ही एवढीशी मुलगी छोटी रमा झाली होती आणि पुढं स्पृहा जोशी. लिहावाचायला शिकणाऱ्या एका पोरीची गोष्ट आणि गाण्यात झोका, तो झोका दर कडव्याला वर जातोय असं चालीतच वाटायचं. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, पाटी-वही घेऊन माझ्या शेजारी बसायची, आणि तिचा सगळा गृहपाठ त्या गाण्यानंतर व्हायचा. तीच पोरगी आता बटण दाबते, पण दोष तिला कसा देऊ, गाण्याची किंमत वाहिनीनंच ठेवली नाही तर पोरं कशाला ठेवतील.

आता कलाकारांबद्दल थोडं लिहिते, कारण कानानं ऐकणाऱ्या माणसाला नट वेगळेच दिसतात. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव मी लहानपणी ऐकला आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मधले आबा मोठेपणी, आणि डोळे मिटून सांगते हा एकच माणूस आहे हे आवाजावरून ओळखता यायचं नाही. त्या टिपऱ्यांच्या घरात शुभांगी गोखले आणि राजन भिसे स्वयंपाकघरातल्या आवाजात बोलायचे, म्हणजे आपण भाजीला फोडणी देताना नवऱ्याशी बोलतो तसं, अर्धं वाक्य गिळून. शिऱ्या आणि शलाकाची भांडणं तर आमच्याच घरातली वाटायची. ती मालिका आठवड्यातून एकदा यायची, केदार शिंदेंनी ती उगाच ताणली नाही, आणि म्हणूनच लोकांना अजून हवीशी वाटते.

रोहिणी हट्टंगडींचं तर काय सांगू. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांच्या वर भाग, आणि एवढ्या भागांत कथा कितीतरी वेळा भरकटली असं माझं स्पष्ट मत आहे, पण बाईंचा आवाज एकदाही सैल पडलेला मी ऐकला नाही. 'होणार सून मी ह्या घरची' मध्ये त्याच बाई आईआजी होऊन आल्या तेव्हा आवाजातली धार काढून टाकलेली, सगळी साय. (त्या मालिकेनं आमच्या धंद्याला वेगळंच काम दिलं, जान्हवीसारखं तीन पदरी मंगळसूत्र केलं की बायका माझ्याकडं यायच्या, ते नीट दिसेल असा गळा पाहिजे म्हणून.) 'असंभव' मधली नीलम शिर्केंची सुलेखा ऐकताना रात्री एकटीनं मशीनवर बसायला मला भीती वाटायची, ती ओरडत नव्हती तरी. आणि 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली अनिता दातेंची नागपुरी राधिका, मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती, या दोघींच्या बोलण्यात रडतानासुद्धा शब्द फुटत नाही, स्पष्ट ऐकू येतो, हे फार कमी जणींना जमतं. 'आई कुठे काय करते' मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली, त्याबद्दल लोक नावं ठेवतात पण मला त्यात काही वावगं वाटत नाही, अरुंधती गायला लागते हा भाग ऐकताना मी किती वेळा कात्री खाली ठेवली. कथा बाहेरून आली तर येऊ द्या, पण गाणं आणि बोली इथल्या मातीतली पाहिजे.

बोलीचं निघालंय तर सांगते, 'रात्रीस खेळ चाले' आकेरीत, सावंतवाडीजवळ चित्रित झाली आणि त्यातली मालवणी ऐकताना आम्हा देशावरच्या लोकांना निम्मे शब्द नवे होते, तरी एक भाग चुकवला नाही. दुसऱ्या पर्वातल्या माधव अभ्यंकरांच्या अण्णा नाईकांचा आवाज दारातून यायच्या आधी अंगणातून यायचा. 'तुझ्यात जीव रंगला' आमच्या कोल्हापूरकडची, राणादाचं 'चालतंय की' सगळ्या महाराष्ट्रानं उचललं याचा आनंदच झाला, हार्दिक जोशी मनापासून करायचा, पण खरं सांगायचं तर आमच्याकडं माणसं इतक्या मोठ्यानं आणि इतकी ठासून बोलत नाहीत, दर वाक्याला रांगडेपणा दाखवत नाहीत. एवढं लिहिणाऱ्यांनी ऐकून घ्यावं.

आणि विक्रम गोखले. 'अग्निहोत्र' मधले मोरेश्वर अग्निहोत्री. 2022 च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या पॉजबद्दल लिहिलं, मी तो पॉज मशीनवर बसून ऐकलाय. ते बोलता बोलता थांबायचे आणि टीव्ही बंद पडला की काय म्हणून मी मान वर करायची, आणि तेव्हाच पुढचा शब्द यायचा. त्या थांबण्यात कुणी ढोल वाजवला असता तर काय राहिलं असतं? आज तेच चाललंय. कुणीतरी एक वाक्य बोलतं, की खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा, असं मुलगी सांगते, मला नुसतं ऐकू येतं ते ढाम ढाम ढाम, वीज पडल्यासारखं, मग कोरसमध्ये आ-आ-आ, मग परत ढाम. अर्धा मिनिट एक शब्द नाही. बाईनं कपाट उघडलं तरी तेच संगीत आणि नवऱ्यानं घर सोडलं तरी तेच. माझ्या सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांना कानाला मशीन आहे, त्या म्हणतात वाक्य ऐकायला आवाज वाढवला की वाजवणं डोक्यात जातं आणि कमी केला की वाक्य जातं. शेवटी त्या देवघरात जाऊन बसतात. घरातली जुनी माणसं मालिकांची खरी प्रेक्षक, त्यांनाच उठून जावं लागतंय.

इथं पैशाचं कारण सांगतात, गाण्याच्या वेळेत जाहिरात बसते, रोजचा भाग रोज द्यायचा त्यामुळं तयार आवाजच पुन्हा पुन्हा चिकटवावे लागतात. रोजच्या कामाची घाई मला कळते, मीही तारखेला माल देणारी बाई आहे. पण म्हणून मी सगळ्यांना एकाच मापाचा ब्लाउज शिवून देत नाही.

नावं सांगितल्यानं काय होतं ते 'सारेगमप'नं दाखवून दिलंय. लिटल चॅम्प्सच्या वेळी, कार्तिकी गायकवाड जिंकली तो 2009 चा फेब्रुवारी, आमच्या चौकात लोक पंचरत्नांवरून, म्हणजे शेवटच्या फेरीतल्या पाच पोरांवरून, वाद घालत होते, कुणी आर्याचं, कुणी प्रथमेशचं, कुणी रोहितचं, मुग्धावर तर सगळ्यांचाच जीव. पण त्याच कार्यक्रमात पल्लवी जोशी वादकांचीही नावं घ्यायच्या, कमलेश भडकमकर, बासरीवर अमर ओक, सत्यजित प्रभू, तबल्यावर अर्चिस लेले, निलेश परब, आणि माझ्यासारख्या बाईला ती अजून तोंडपाठ आहेत. कधी कुणी पाठ करायला सांगितलं नव्हतं, नीट ऐकवली म्हणून राहिली. आमच्या मागच्या आळीत तंबोरे करणारं घर आहे, पंढरपूरकडून भोपळे येतात, ते महिनोन्‌महिने सुकतात, मग त्यावर काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्या घरातले आजोबा पेपर घेऊन दारोदार दाखवत फिरले होते, इतकी वर्षं वाद्य स्टेजवर दिसायचं आणि करणारा गाव दिसायचा नाही, आता कागदावर आलं म्हणून. वाद्य करणाऱ्यांना नाव मिळायला एवढा काळ गेला, आणि गाणं करणाऱ्यांचं होतं ते नाव आपण पुसत चाललोय.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला दूरदर्शननं 'रामायण' आणि 'महाभारत' परत दाखवलं तेव्हा घरात चार पिढ्या होत्या आमच्या. महेंद्र कपूर यांचा आवाज सुरू झाला की सासूबाईंपासून पुतण्याच्या चार वर्षांच्या मुलीपर्यंत सगळे गायचे, कुणीही ते पुढं ढकला म्हटलं नाही. तेव्हा लोकांना शीर्षकगीत नको असतं हे मला कुणी सांगू नये.

सगळ्या मराठी वाहिन्यांना माझी विनंती आहे, रोज जमत नसेल तर आठवड्यातून एक दिवस, सोमवारी म्हणा, शीर्षकगीत अख्खं लावा, आणि त्या दिवशी गीतकार, संगीतकार, गायक आणि पार्श्वसंगीत करणारा अशी चार नावं मोठ्या अक्षरात, थांबवून दाखवा. वाक्य चालू असताना वाजवणं खाली ठेवा. मोबाईलवर ते 'स्किप इन्ट्रो'चं बटण पहिल्या भागाला तरी देऊ नका.

आणि संपादक साहेब, एक विनंती तुम्हालाही. तुमच्या पुरवणीत नवीन मालिकेची बातमी येते तेव्हा नायक, नायिका, वेळ, वाहिनी सगळं असतं, नायिकेच्या साडीचा रंगसुद्धा असतो, पण गाणं कुणाचं ते मला एकदाही सापडलेलं नाही. पुढच्या वेळी तेवढी एक ओळ टाका, मी ते पान कापून मशीनच्या खणात ठेवणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज